बारा रूट दोन

सावदा, ता. रावेर
१४ ऑक्टोबर २०२४

आदरणीय बोरसे सर,

नमस्कार. मी मयुरी. यावलच्या शाळेत नववीला खिडकीशी बसायची ती. तुम्ही फळ्यावर प्रमेय लिहीत असायचा आणि मी बाहेर मैदानात कोण हरतंय ते बघत असायचे. नववीला गणितात आपटले, शाळा सुटली आणि माझ्या वडलांनी सावद्याचं स्थळ बघितलं. आता मी सौ. मयुरी हेमराज फेगडे. एक मुलगा आहे, घरची केळी आहे, शिवाय मी गावाबाहेरच्या पॅकहाऊसला कामाला जाते. परदेशात जाणारी केळी तिथं धुऊन, तोलून खोक्यात भरतात.

कामाचं बोलते. आमच्या मालकांना जूनपासून बायकांच्या लाइनवर सुपरवायझर नेमायची आहे. मला म्हणाले, "ताई, काम तुम्हालाच येतं, पण माल घेणारी कंपनी दहावीचा दाखला मागते. मेपर्यंत आणा, जागा तुमची. नाहीतर मला बाहेरून कोणीतरी आणावी लागेल." मी दुसऱ्याच दिवशी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाकीचे विषय मी वाचून काढीन. गणित मात्र एकटीनं होणार नाही, हे मला कळतं.

तुम्हाला फोन लावला होता. काकूंनी उचलला आणि तुम्ही मागून ओरडलात, "फोनवर गणित शिकवत नसतो, तिला म्हणावं लिही." म्हणून लिहिते आहे.

नववीच्याच पुस्तकापासून सुरुवात केली आणि तिथंच अडले. "√७२ ला सरळ रूप द्या." आता आठ आठे चौसष्ट, नऊ नवे एक्याऐंशी. मधे बहात्तर कुठं येतच नाही. ज्याचं वर्गमूळच निघत नाही, त्याचं सरळ रूप कसलं द्यायचं?

तुमची विद्यार्थिनी,
मयुरी

ता. क. कागदावरचा काळा डाग केळीच्या चिकाचा आहे. तो पुसला जात नाही.


देवपूर, धुळे
२१ ऑक्टोबर

चि. सौ. मयुरीस अनेक आशीर्वाद.

मैदानात कोण हरायचं ते मलाही माहीत आहे. मीही तिकडंच बघायचो. फक्त मला त्याचा पगार मिळायचा.

शिकवीन. पण अटी ऐकून घे. फोन करायचा नाही. मोबाइलवर फोटो पाठवायचे नाहीत, ते बोटांनी ताणत बसायचा उद्योग मला जमत नाही. गणित कागदावर, पेननं, आणि खाडाखोड जशीच्या तशी. स्वच्छ कागद पाठवलास तर तसाच परत करीन. पोरगं कुठं चुकलं ते दिसलं की त्याचं डोकं कुठून वळलं ते कळतं. मी सारी नोकरी खाडाखोड वाचण्यात घालवली आहे.

तुझा प्रश्न उत्तम आहे. नववीत विचारला असतास तर तुला खिडकीशी बसू दिलं नसतं. आता नीट ऐक. ४, ९, १६, २५, ३६ यांचं वर्गमूळ सरळ निघतं, म्हणून यांना पूर्ण वर्ग म्हणायचं. २, ३, ५ यांचं सरळ निघत नाही, कितीही डोकं आपट. आणि काही संख्यांच्या पोटात पूर्ण वर्ग दडलेला असतो. ५० घे. ५० म्हणजे २५ गुणिले २. पंचविसाचं वर्गमूळ पाच, ते बाहेर घे. दोनाचं निघत नाही, तो राहू दे आत. उत्तर ५√२. वाचायचं पाच रूट दोन. निघतं तेवढं काढून घ्यायचं आणि हट्टी असेल त्याला आत बसू द्यायचं, एवढंच ते सरळ रूप.

पोटातला वर्ग दिसला नाही तर अवयव पाड. सारखे दोन अवयव मिळाले की जोडी झाली. जोडी बाहेर काढायची, एकटा उरेल तो आत.

√१२, √१८, √४५ आणि √७५ सोडवून पाठव. फेब्रुवारीपर्यंत तुला गणित येईल. मी म्हणतो तेव्हा येतं.

सु. रु. बोरसे


सावदा
२८ ऑक्टोबर

आदरणीय सर,

चारही झाली. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. नववीत मला कोणी कान धरून बसवायला हवं होतं.

√१२: दोन दुणे चार, चार त्रिक बारा. म्हणजे २ × २ × ३. दोनाची जोडी बाहेर काढली, बाहेर झाले चार, तीन आत राहिला. उत्तर ४√३. तसंच √१८ चं ९√२, √४५ चं ९√५ आणि √७५ चं २५√३. सगळी खाडाखोड कागदाच्या मागं आहे. शेवटच्या गणिताला खाडाखोडच झाली नाही, त्याबद्दल माफ करा.

घरी आता सगळ्यांना कळलंय. माझ्या सासूबाई, बेबाबाई, त्यांचा स्वभाव तोडून बोलायचा. मी पुस्तक घेऊन बसले की म्हणतात, "तुले काय करायची आता दहावी? केळीले का तू गणित शिकवशीन?" मी म्हटलं, केळीला नाही, मलाच शिकायचंय. त्यावर त्यांनी दुपारी दळण मलाच आणायला लावलं. हेमराज मात्र माझ्या बाजूचे आहेत. ते जेवताना पूर्ण वर्ग तोंडी विचारतात आणि स्वतःच एकशे एकवीसला अडतात.

पुढची गणितं जरा अवघड द्या.

मयुरी


देवपूर, धुळे
४ नोव्हेंबर

चि. सौ. मयुरीस आशीर्वाद.

तुनं बठ्ठं चुकनं.

बस खाली आणि हे वाच. चारही गणितं चुकली, पण चारही एकाच जागी चुकली, म्हणून मी खूश आहे. चार जागी चुकणाऱ्याला शिकवता येत नाही. तू जोडी बाहेर काढलीस ती दोघांना हाताला धरून काढलीस. अगं, आमंत्रण घेऊन माणूस दारात येतो तेव्हा काय सांगतो? चूलबंद म्हणाला तर घरातली झाडून सारी जातात, त्या दिवशी चूल पेटत नाही. घरटी एक म्हणाला तर एकच माणूस जातो आणि साऱ्या घराच्या वतीनं जेवून येतो. वर्गमुळाच्या दारातलं आमंत्रण नेहमी घरटी एक. जोडीमागं एकच बाहेर येतो.

कारण विचारशील, आणि विचारलंच पाहिजे. वर्गमूळ म्हणजे अशी संख्या, जिला तिनंच गुणलं की आतली संख्या मिळते. दोनाला दोनानं गुणलं की चार. म्हणून चारातून दोनच निघतो, चार नाही. तर √१२ चं उत्तर २√३. बाकीची तीन ३√२, ३√५ आणि ५√३.

"जोडी बाहेर काढायची" हे वाक्य माझंच होतं. तुझी काकू वच्छला म्हणते, चूक तुमच्या वाक्याची आहे, पोरीची नाही. मला हे मान्य नाही, पण ती स्वयंपाकघरातून पुन्हा पुन्हा सांगते आहे म्हणून कळवतो.

आता तुझं ते √७२ सोडव.

सु. रु. बोरसे


सावदा
२० नोव्हेंबर

आदरणीय सर,

काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांचंच बरोबर आहे.

घरटी एक डोक्यात असं पक्कं बसलंय की आता निघणार नाही. मी ते आमच्या लाइनवरच्या झुंबरबाईलाही सांगितलं. ती म्हणाली, "मग आतमधी एकटा राह्यला त्याचं काय? त्याले कोन्ही बोलावलं नाही?" मी म्हटलं, त्याला जोडीदार नाही म्हणून तो आत. ती म्हणाली, "मंग तं मी जन्मभर आतच." ती विधवा आहे. हसत हसत म्हणाली आणि पुढचं खोकं ओढलं.

आता बहात्तर. मला त्याच्या पोटात नऊ दिसला. नऊ आठे बहात्तर. नवातून तीन बाहेर, आत आठ. ३√८. मी खाली रेघ मारून मोकळी झाले. पण पुस्तकात मागं उत्तर ६√२ आहे. मग परत बघितलं तर आठाच्या पोटात चार निघाला. चारातून दोन बाहेर. आधीचे बाहेर तीन होते, हे दोन आले, झाले पाच. म्हणजे ५√२. पुस्तकाचं सहा कुठून आलं? पुस्तक चुकलंय का? चुकलं असेल तर कळवा, मी छापणाऱ्यांना पत्र लिहिते. आता पत्रं लिहायची सवयच लागली आहे.

मयुरी


देवपूर, धुळे
२ डिसेंबर

चि. सौ. मयुरीस आशीर्वाद.

छापणाऱ्यांना पत्र नको. पुस्तकं चुकतात, पण हे चुकलेलं नाही.

आठाच्या पोटात पुन्हा शिरलीस, हे शाबासकीचं काम. पोरं पहिला वर्ग काढला की हात झटकतात. आत अजून जोडी उरली आहे का, हे बघितल्याशिवाय उठायचं नाही. मोठ्यात मोठा वर्ग आधी दिसला तर एका फटक्यात काम होतं. छत्तीस दुणे बहात्तर, सहा बाहेर, संपलं. नाही दिसला तर तू केलंस तसं दोनदा शिरायचं. दोन्ही वाटा एकाच गावाला जातात.

पण बाहेर आलेल्यांची बेरीज केलीस, तिथं घसरलीस. ३√८ म्हणजे तीन गुणिले रूट आठ. आतून आलेला दोनही त्या तिनाला गुणतच येतो. तीन दुणे सहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उत्तर बरोबर की चूक हे पुस्तकाला विचारायचं नाही आणि मलाही विचारायचं नाही. बाहेरच्याला परत आत पाठवायचं. आत जाताना तो आपला वर्ग होऊन जातो. तुझा पाच आत गेला, पंचवीस झाला, पंचवीस दुणे पन्नास. तुला हवे होते बहात्तर. मग सहा पाठव. छत्तीस, छत्तीस दुणे बहात्तर. घर बरोबर भरलं. परीक्षेत मी तुझ्या शेजारी बसणार नाही. हा पडताळा बसेल.

सु. रु. बोरसे


सावदा
१९ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

बरेच दिवस लिहिलं नाही. इकडं हेमराजना डेंग्यू झाला होता. जळगावला दवाखान्यात ठेवावं लागलं. आता बरे आहेत, भिंतीला धरून चालतात आणि मी एकशे एकवीस विचारलं की अकरा म्हणतात.

दवाखान्यात सासूबाई आणि मी आळीपाळीनं बसायचो. एका दुपारी मी बाकावर गणितं करत होते. शेजारच्या कॉटवरच्या बाईनं सासूबाईंना विचारलं, "सून मास्तरीण आहे का?" मला वाटलं, आता निघणार काहीतरी. तर म्हणाल्या, "अजून नाही." मी मान खालीच ठेवली आणि तेच गणित दोनदा केलं.

अभ्यास सुटला नाही, हे सांगायचं होतं. वर्गसमीकरणात शेवटी रूट येतं, पायथागोरसमध्ये कर्ण काढताना येतं, जिथं जावं तिथं तेच. आणि मला ते आवडायला लागलंय. मोठी संख्या दिसली की तिच्या पोटात काय आहे ते बघावंसं वाटतं. परवा वाटेत ट्रकच्या नंबरात मला एकशे चव्वेचाळीस दिसला तर मी हसले. बरोबरच्या बायका म्हणाल्या, हिला उन्हाचं लागलं. जानेवारीत.

सोबत दहा गणितं पाठवते. सगळी स्वतः केली, सगळ्यांचा पडताळा केला. शेवटचं √२८८ आहे. ते मी खास बाजू बारा असलेल्या चौरसाचा कर्ण म्हणून काढलं. उत्तर १२√२.

एक विचारू का? तुमचं अक्षर पत्रागणिक मोठं होत चाललंय. आधी तुमचं पत्र एका पानात मावायचं. आता पान भरायला तीन-चार वाक्यं पुरतात, आणि ओळी उजवीकडं खाली उतरतात. तब्येत बरी आहे ना?

मयुरी


देवपूर, धुळे
१० फेब्रुवारी

चि. सौ. मयुरीस.

हेमराज बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. त्यांना पपई खायला दे.

कागद स्वस्त झालाय म्हणून मोठं लिहितो.

दहापैकी नऊ बरोबर. दहावं चूक. √२८८ चं उत्तर १२√३. लाल शाईनं लिहून कागद परत पाठवतो आहे. पेपर तोंडावर आला आणि शेवटच्या पायरीला घसरतेस, हे बरं नाही. पडताळा केला असं लिहितेस. केला असतास तर चुकलं नसतं.

पुन्हा कर.

सु. रु. बोरसे


सावदा
१६ फेब्रुवारी

आदरणीय सर,

तुमचं चुकलं आहे.

हे एवढं लिहायला मला किती जड गेलं ते सांगते. पत्र आलं तेव्हा मी घरी एकटी होते. लाल फुली बघितली आणि मी रडले. मला वाटलं, नऊ बरोबर आली तीही नशिबानं आली असतील. शेवटी मी ती नववीतलीच. मी तुम्हाला देवासारखं मानते, म्हणून मी पेन घेतलं, माझं १२√२ खोडलं आणि तुमचं १२√३ लिहून टाकलं. सर म्हणतात म्हणजे तसंच.

मग तुमचं जुनं पत्र काढलं. तुम्हीच लिहिलं होतं, मलाही विचारू नकोस, परत आत पाठव. मग पाठवलं. बारा आत गेला, एकशे चव्वेचाळीस. गुणिले तीन. चारशे बत्तीस. मला हवे होते दोनशे अठ्ठ्याऐंशी. पुन्हा केलं, तेच आलं. मग दोनानं केलं. एकशे चव्वेचाळीस दुणे दोनशे अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्या दिवशी पॅकहाऊसला खोक्याच्या पुठ्ठ्यावर केलं, तिथंही तेच. मी कोणालाच विचारलं नाही. विचारण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. तर सर, उत्तर बारा रूट दोन. मी म्हणते आणि म्हणतेच. तुमच्या फुलीचा कागद सोबत परत पाठवते.

आता दुसरं. तुमचं गणित चुकत नाही. आकाश कोसळलं तरी चुकत नाही. मग चुकलं असेल तर दिसण्यात. मोठं अक्षर, उतरत्या ओळी, मोबाइलवरचा फोटो नको, या सगळ्याचं उत्तर एकच येतं. माझ्या सासऱ्यांना मोतीबिंदू होता, मी हे घरात बघितलंय. हे पत्र मी मुद्दाम नेहमीपेक्षा बारीक अक्षरात लिहिलं आहे. तुम्हाला कोणाच्या मदतीशिवाय वाचता आलं तर मला खोटी ठरवा, मी पुन्हा कधी हा विषय काढणार नाही. नाही वाचता आलं तर ऑपरेशनची तारीख घ्या.

मी कोण सांगणारी, असं तुम्हाला वाटेल. मी तुमची विद्यार्थिनी आहे. तुम्हाला माझी खाडाखोड वाचता आली नाही तर मी पाठवू कोणाला?

रागवायचं असेल तर रागवा, पण पेपरच्या आधी दोन ओळी पाठवा.

मयुरी


सावदा
१० मार्च

आदरणीय सर,

तुमचं पत्र आलं नाही. रोज पोस्टमनची वाट बघितली. शेवटी समजले की तुम्ही रागावलात. तरी गणिताचे पेपर झाले ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

बीजगणित बरं गेलं. भूमितीच्या सकाळी हेमराजनी मला गाडीवर फैजपूरला सोडलं. सासूबाईंनी दही-साखर हातावर ठेवली. दळण त्यांनी आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं.

पेपरात एक त्रिकोण होता, काटकोनाच्या बाजू सहा आणि बारा. कर्ण काढा. छत्तीस अधिक एकशे चव्वेचाळीस, एकशे ऐंशी. आता √१८० ला सरळ रूप. आणि तिथं माझा हात थांबला सर. लाल फुली डोळ्यांपुढं आली. मला वाटलं, समजा सरांचं बरोबर असेल आणि माझ्या पडताळ्यातच काहीतरी मुळात चुकत असेल, तर आजवर मी जे काही केलं ते सगळंच चुकीचं. पुढच्या बाकावरची पोरगी खसाखसा लिहीत होती. मी घड्याळाकडं बघितलंच नाही.

मग छत्तीस दिसला. छत्तीस पाचे एकशे ऐंशी. सहा रूट पाच. परत आत पाठवला, छत्तीस गुणिले पाच, घर बरोबर भरलं. मी उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि पान उलटलं.

तुम्ही रागात असाल तर असू द्या. डोळ्यांचं मात्र मी मागं घेत नाही.

मयुरी


देवपूर, धुळे
४ एप्रिल

चि. सौ. मयुरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं फेब्रुवारीचं पत्र मला वाचता आलं नाही.

दिवाणखान्यात उजेडाला बसलो, मग गच्चीवर उन्हात नेलं, मग भिंग लावलं. ओळी दिसत होत्या, शब्द नाही. शेवटी नवलच्या हातात दिलं. नवल माझा मुलगा. तो वाचत गेला. "तुमचं चुकलं आहे" पाशी थांबून त्यानं माझ्याकडं बघितलं, म्हणाला, "नाना, पुढं वाचू का?" मी म्हटलं, वाच. पुरं वाचून झाल्यावर मी त्याला सांगितलं, पत्र कपाटात टाक आणि त्या पोरीचं नाव पुन्हा काढू नको. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझी फुली कोणी परत पाठवली नव्हती. मी रागावलो होतो, खरंच सांगतो. वच्छला माझ्याशी त्या दिवसापासून फक्त भाजी कोणती एवढंच बोलायची.

कच्च्या कागदावर मी दोनच लिहिला होता. तुझ्या कागदावर उतरवताना मला तो तीन दिसला. हे मला आता माहीत आहे, कारण आता मला दिसतं. तुझं पेपरानंतरचं पत्र आलं तेही नवलनं वाचलं. "माझ्या पडताळ्यातच काहीतरी चुकत असेल" हे वाक्य ऐकलं आणि मी उठून चप्पल घातली. नवलला म्हटलं, गाडी काढ. तो म्हणाला, "नाना, आत्ता? दवाखाना बंद असेल." मी म्हटलं, मग उघडेपर्यंत बाहेर बसू. पोरगी परीक्षेच्या हॉलमध्ये माझ्या फुलीमुळं थांबली, हे ऐकून मला घरात बसवेना.

उजवा डोळा झाला. डावा पुढच्या महिन्यात. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होता आजोबा?" मी म्हटलं, गणितं तपासत होतो. नवलला दोन वर्षं सांगत होतो की मला दिसतं, आणि तो बिचारा दोन वर्षं गप्प बसला होता. त्याला माझ्याशी वाद घालता येत नाही. तुला कसा घालता आला ते मला कळत नाही, तू तर वर्गात तोंडही उघडत नव्हतीस.

तुझा दहा गणितांचा कागद मी वच्छलाच्या हातून काढून घेऊन स्वतः वाचला. तिनं तो जपून ठेवला होता. नंतर तू खोडून लिहिलेलं तेही पाहिलं. दहापैकी दहा. बठ्ठं बरोबर शे.

निकालाची मला काळजी नाही. एकच गोष्ट विचारायची आहे आणि मला तिचं खरं उत्तर हवं. तुझ्याकडं माझं लाल शाईतलं उत्तर होतं. तरी पेपरात तू माझ्यावर विश्वास न ठेवता स्वतःवर ठेवलास. समजा चुकलं असतं तर? जागा गेली असती, वर्ष गेलं असतं, घरात बोल लागला असता. मग काय केलं असतंस?

सु. रु. बोरसे


सावदा
१५ मे २०२५

आदरणीय सर आणि काकूंना नमस्कार.

पास झाले. गणितात बावन्न.

निकाल मोबाइलवर हेमराजनी बघितला. मी पॅकहाऊसला होते, हातात केळीची फणी होती. त्यांचा फोन आला. झुंबरबाईनं माझ्या हातातली फणी काढून घेतली, म्हणाली, "ठेव ते, पडीन." घरी गेले तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. पास झालीस का, असं त्यांनी विचारलंच नाही. विचारलं, "गणितात किती?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बावन्न. बरं." आणि उठून गल्लीत निघाल्या. थोड्या वेळानं मला तीन घरांतून आवाज आला, "बावन्न, बावन्न." कोणाकोणाला सांगितलं असेल देव जाणे.

मालकांकडं निकालाचा छापील कागद घेऊन गेले. त्यांनी वाचला, म्हणाले, "बावन्नच?" मी म्हटलं, "बावन्नच. पण सगळे माझे." ते हसले आणि एक जूनपासून या म्हणाले. लाइनवरच्या बायकांना आधीच कळलं होतं. त्यांनी मला त्या दिवशी एकही खोकं उचलू दिलं नाही, मला ते आवडलं नाही, पण त्या ऐकेनात.

डावा डोळा झाला असेल. तरी हे पत्र मी बारीक अक्षरातच लिहिते आहे. नवलभाऊंकडं देऊ नका.

तुम्ही विचारलंत, चुकलं असतं तर. मी बरेच दिवस यावर विचार केला, म्हणून उत्तराला उशीर झाला. सर, माझी शाळा सुटली ती वडलांनी ठरवलं म्हणून. लग्न झालं ते दोन्हीकडच्या मोठ्यांनी ठरवलं म्हणून. शेतात काय लावायचं, पाहुण्यांना काय करायचं, पोराचं नाव काय ठेवायचं, सगळं दुसऱ्या कोणी ठरवलं. वाईट ठरवलं असं नाही, चांगलंच ठरवलं. काही बिघडलं तर ते त्यांचं बिघडलं, मी बाजूला उभी.

त्या दिवशी पेपरात मी सहा रूट पाच लिहिलं आणि दोन रेघा मारल्या. चुकलं असतं तर माझं चुकलं असतं. तोपर्यंत माझं असं काही चुकलंसुद्धा नव्हतं.

तुमची विद्यार्थिनी,
मयुरी